पॉलिहाऊस नऊच्या दारावरचा कागद

नाशिक,
७ ऑगस्ट २००१

प्रिय रंगनाथदादा,
सप्रेम जयभीम.

तू केनियाहून आईला लिहिलेलं पत्र सगुणामावशीने मला वाचायला दिलं. तिकडेही गुलाबच, आणि पॉलिहाऊस आपल्या चौपट, हे ऐकून धोंडीरामकाका म्हणाले, "मंग तिकडं माझ्यावानी सुपरवायझर किती लागत आसतील!" लंकाबाई तर डबा उघडला की तुझं नाव काढतात. "आता ह्यातली अर्धी भाकर न्यायला कोनी नाय," म्हणतात आणि ती अर्धी मला देतात.

आता कामाचं. तू कंपनी सोडलीस, तुझी खुर्ची मला मिळाली, डोकं मात्र मिळालं नाही. पॉलिहाऊसच्या दारावर लावायचे कागद मी आत्ताआत्तापर्यंत तू वर्डमध्ये बसवून दिलेल्या मॅक्रोनेच काढत होते. वरच्या चौकटीत तारीख आणि औषधाचं नाव, खाली मजकुरात फवारणीनंतर किती तास आत जायचं नाही ते. बावीस पॉलिहाऊस, बावीस फाइली. वर्ड उघडायचं, मॅक्रो चालवायचा, एकेक फाईल डोळ्यांसमोर उघडते, बदलते, मिटते. छान चाललं होतं. पण मागच्या महिन्यात ऑफिसात व्हायरस शिरला आणि मालकांच्या मुलाने, सनीसाहेबांनी, सगळ्या कॉम्प्युटरवर वर्डमधले मॅक्रो बंद करून टाकले. मला म्हणाले, "तोच कोड बाहेरून चालव ना. स्क्रिप्ट कर. डबल क्लिक, की प्रिंट."

मी तुझा कोड जसाच्या तसा नोटपॅडमध्ये चिकटवला. चालतच नाही. जिथे कोलन आणि बरोबरचं चिन्ह आहे तिथे अडून बसतो. ती ओळ काढली तर पुढच्या ओळीला अडतो. वर्डच्या आत दोन वर्षं हाच कोड चालला, मग बाहेर काय होतं त्याला?

ऑफिसचं ईमेल सनीसाहेबांच्या टेबलावर उघडतं, म्हणून पत्र. लवकर लिही.

तुझी
साधना


नैवाशा,
२४ ऑगस्ट २००१

साधना,
जयभीम.

तुझी तक्रार वाचून हसू आलं. मीही पहिल्यांदा असाच डोकं धरून बसलो होतो.

असं बघ. वर्डच्या आत मॅक्रो म्हणजे घरातलं माणूस. 'समोरची फाईल' एवढं म्हटलं की कुठली ते कळतं. बाहेरून चालवलास की तोच कोड परका होतो. त्याने आधी वर्डला हाक मारायची, मग वर्डच्या हातून फाईल उघडायची, आणि प्रत्येक वेळी कुणाची फाईल, कुठली फाईल, ते नावानिशी सांगायचं. दुसरं, कोलन-बरोबर लावून लिहायची पद्धत फक्त आतली. बाहेर ती नावं काढून टाकायची आणि नुसत्या किमती स्वल्पविराम देऊन क्रमाने लिहायच्या. मधली एखादी द्यायची नसेल तर जागा रिकामी सोडायची, पण मोजून.

सोबतच्या कागदावर पूर्ण कोड लिहून दिलाय. डोळे झाकून टाइप कर. वर्ड पडद्यामागे उघडेल, तुला काही दिसणार नाही, घाबरू नकोस. शेवटी 'झालं' असा निरोप येईल.

गाडी शहराकडे निघालीये, पोस्टात टाकायला देतो. अजून काहीतरी सांगायचं होतं ते आता आठवत नाही. लंकाबाईंना सांग, इथली मक्याची उकड खाऊन जीव गेला माझा.

रंगनाथ


नाशिक,
५ ऑक्टोबर २००१

प्रिय दादा,
सप्रेम जयभीम.

चालली! तीन आठवडे रोज चालतेय. चहा घेऊन येईपर्यंत बावीस कागद प्रिंटरवर पडलेले असतात, तारीख नवी, औषध बरोबर. सनीसाहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. लंकाबाई म्हणाल्या, "मशीनच करतंय, तर तू काय करती गं दिसभर?" मी म्हटलं, मशीनला उठवते.

दिवाळीनंतर लाल कोळी किडीसाठी नवीन औषध येणार आहे, कडक आहे म्हणे. डब्यावरचं सगळं इंग्रजीत. आत्ता चार तास बंद ठेवतो, त्याला अठ्ठेचाळीस तास ठेवायचंय. मजकुरात तास तीन ठिकाणी आहेत, पण तुझी शोधून बदलायची ओळ आहेच, तिच्यात चारच्या जागी अठ्ठेचाळीस टाकलं की झालं.

सगुणामावशीचे गुडघे बरे आहेत. काळजी करू नकोस.

तुझी
साधना


नाशिक,
८ डिसेंबर २००१

दादा,

एकच विचारायचं आहे. तू लिहून दिलेली स्क्रिप्ट बाहेरून चालवली, कुठेही अडली नाही, शेवटी 'झालं' असं आलं, आणि तरी शोधून बदलायची ओळ काहीच न बदलता पुढे गेली, असं होऊ शकतं का?

नक्की सांग. अंदाजाने सांगू नकोस.

साधना


नैवाशा,
२७ डिसेंबर २००१

साधना,
जयभीम.

एवढं कोरडं पत्र? लग्नाच्या बोलण्यांनी डोकं पिकलंय का? आईने लिहिलंय मला सगळं.

होऊ शकतं. आणि आता आठवलं, ऑगस्टमध्ये सांगायचं राहिलं होतं ते हेच. त्या ओळीच्या शेवटी 'रिप्लेस-ऑल' असा शब्द आहे. वर्डच्या आत त्याचा अर्थ ठरलेला आहे, आकडा दोन: सापडेल तिथे सगळीकडे बदल. हे शब्द वर्डच्या पोटातले. बाहेरच्या स्क्रिप्टला ते कुणी शिकवलेलेच नसतात. ती अडून विचारतही नाही की हे काय आहे. अनोळखी शब्द दिसला की तो रिकामा धरते, रिकामा म्हणजे शून्य. आणि वर्डच्या हिशोबी त्या जागी शून्य म्हणजे 'शोध, पण बदलू नकोस'. वर्ड बिचारं शोधतं, बदलत नाही आणि सांगितलेलं काम केलं म्हणून गप्प बसतं. चूक कुठेच झालेली नसते, मग दाखवणार काय?

शब्दाच्या जागी दोन हा आकडा लिही, संपलं काम. चूक माझीच, घाईत तोच शब्द उतरवला. तारीख आणि औषध चौकटीत थेट भरले जातात, तिथे असला शब्द लागत नाही, म्हणून ते बरोबर यायचं. कागद पुन्हा काढ आणि सनीसाहेबांना माझ्या नावाने चार शिव्या देऊ दे.

इथल्या बाजारात एक रंगीत गोधडीसारखं कापड मिळतं. लंकाबाईंसाठी घेऊन ठेवलंय. कोणी येणारं असेल त्याच्याबरोबर पाठवतो.

रंगनाथ


नाशिक,
१५ जानेवारी २००२

दादा,

ते कापड पाठवू नकोस. लंकाबाई गेल्या. तुला कळवू नकोस असं सगुणामावशीला मीच सांगितलं होतं. आधी तुझं उत्तर हवं होतं मला.

२७ नोव्हेंबर, मंगळवार. नऊ नंबरमध्ये सकाळी सातला नवीन औषध फवारलं. थंडी होती म्हणून बाजूचे पडदे खाली सोडलेले. सव्वाअकराला धोंडीरामकाकांनी दारावरचा कागद वाचला. तारीख त्याच दिवसाची, औषधाचं नाव नवीन, खाली चार तास. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि चौघींना फुलं तोडायला आत सोडलं. पाऊण तासाने एक बाई बाहेर येऊन ओकायला लागली. लंकाबाई सगळ्यात आतल्या ओळीत होत्या. त्यांना उचलून आणलं तेव्हा तोंडातून लाळ गळत होती, घामाने लुगडं भिजलेलं, आणि डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. मी हाक मारली. त्यांनी ओळखलं नाही. तिघी वाचल्या. लंकाबाई चौथ्या दिवशी दवाखान्यातच वारल्या.

पण मला तुला हे सांगायचं आहे की त्या दुपारी मी काय केलं.

त्यांना दवाखान्यात नेणारी गाडी गेटबाहेर पडली असेल नसेल, सनीसाहेब माझ्या टेबलाशी आले.

"अठ्ठेचाळीस सांगितलं होतं ना तुला?"

"केलं होतं साहेब. 'झालं' असं आलं होतं."

"मग दारावर चार कसे?"

मी फाईल उघडली. चार. दुसरी उघडली. चार. बावीस फाइलींत चारच. आदल्या दिवशी बदल केला तेव्हापासून दोनदा त्या कागदांचा गठ्ठा माझ्या हातातून गेला होता. मी तारीख पाहिली, औषध पाहिलं, बावीस मोजले आणि देऊन टाकले.

साहेबांनी आजूबाजूला पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "आता हाताने बदल. मी दारांवरचे काढून आणतो." वर्ड उघडून, एकेक फाईल समोर घेऊन मी बदलले. पोलीस चार वाजता आले, तेव्हा सगळ्या दारांवर अठ्ठेचाळीस होतं. जुने कागद साहेबांनी मागे जाळले.

गुन्हा धोंडीरामकाकांवर लागला. कागद न वाचता बायकांना आत सोडलं म्हणून. जामीन मिळाला, नोकरी गेली. परवा रविवारी मी सायखेड्याला त्यांच्या घरी गेले. ते नाशिकला येऊन डोळे तपासून गेले होते. म्हणाले, "मला चारच दिसलं, पोरी. पोलिसांच्या फोटूत चारापुढं आठ हाय म्हनत्यात. डाक्टर म्हनतो, डोळं बरे हायेत. मंग माझा आठ गेला कुठं?" गावात लोक त्यांच्याशी बोलत नाहीत. लताकाकूंनी चहा दिला. मी तो पिऊन परत आले. सांगितलं नाही.

काय करू, सांग.

साधना


नैवाशा,
३ फेब्रुवारी २००२

साधना,

पत्र तीनदा वाचलं. लंकाबाईंबद्दल काय लिहू? लिहिता येत नाही.

पण आता नीट ऐक. त्या परत येणार नाहीत. काकांना फार तर दंड होईल, असल्या केसेस वर्षानुवर्षं पडून असतात. तू तोंड उघडलंस तर पहिला प्रश्न 'कागद कुणी बदलले' हाच येईल. पुरावा नाहीसा केल्याचा गुन्हा तुझ्यावर लागेल. लग्नाचं बोलणं जागच्या जागी मोडेल. सनीसाहेब हात झटकून मोकळे होतील.

आणि माझं सांगतो, लपवत नाही. माझा इथला कामाचा परवाना मार्चमध्ये नवा व्हायचा आहे. तिकडे पोलिसांच्या कागदात माझं नाव आलं तर होणार नाही. माझं ऑगस्टचं पत्र आणि सोबतचा कोड जाळून टाक. स्क्रिप्ट पुसून टाक. डिसेंबरचं पत्रही जाळ, आणि हेही.

आईला काही कळू देऊ नकोस.

रंगनाथ


नाशिक,
२४ फेब्रुवारी २००२

दादा,

तुझं पत्र वीस तारखेला आलं. मी अकरालाच सांगून मोकळी झाले होते.

आधी सायखेड्याला गेले. काका ओट्यावर बसले होते. मी उभ्यानेच सांगितलं, "काका, चारच होतं. तुम्ही बरोबर वाचलंत. आठ मी नंतर घातला." मला वाटलं रडतील, नाहीतर मारतील. त्यांनी एवढंच विचारलं, "मंग अडीच म्हयने तू काय करीत व्हतीस?"

तिथून सरळ पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या साहेबांना सगळं समजावून सांगितलं, स्क्रिप्टची फ्लॉपी दिली. ते म्हणाले, "आत चालतो आणि बाहेर चालत नाही म्हणजे काय? कोड एकच ना?"

"एकच साहेब."

"मग?"

मी तुझ्या शब्दांत सांगितलं, शून्याचं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही इंजिनीअर आहात का?" मी म्हटलं, बी.कॉम. "मग जाणकार आणा. उद्या सुपरवायझर म्हणेल भूत आलं होतं कागद बदलायला, ते पण लिहू का मी?"

नोकरी त्याच संध्याकाळी गेली. लग्नाचं बोलणं तू म्हणालास तसंच मोडलं. काकांच्या वकील मनीषाताई म्हणतात, ज्याने कोड लिहिला त्याने सही करून लिहून दिलं तर कोर्टाला ऐकावं लागेल.

तुझी पत्रं मी जाळली नाहीत. कुणाला दाखवलीही नाहीत. तुझ्या नकळत ती मी देणार नाही. तू ठरव.

साधना


नैवाशा,
३० जून २००२

साधना,
जयभीम.

पाच महिने मी लिहिलं नाही. आईला फोन करत होतो आणि तुझं नाव काढत नव्हतो. तीही काढत नव्हती, म्हणजे तिला कळलं असणार.

परवाना मार्चमध्ये नवा झाला. गप्प बसलो म्हणून झाला.

मे महिन्यात एका दुपारी ती स्क्रिप्ट मी इथल्या कॉम्प्युटरवर टाइप केली. ऑगस्टमध्ये तुला लिहून दिली होती तशीच, शब्द न बदलता. चालवली. 'झालं' असं आलं. फाईल उघडली, चार. पुन्हा चालवली. 'झालं'. पुन्हा चार. मग ती ओळ वर्डच्या आत ठेवून चालवली, अठ्ठेचाळीस. बाहेर काढली, चार. असं किती वेळा केलं आठवत नाही. इथला क्लार्क शेवटी म्हणाला, साहेब, कागद संपतील. ही चाचणी कोड पाठवायच्या आधी एकदा केली असती तर लंकाबाई आज असत्या. मी शिकवायला बसलो होतो, तपासायला नाही.

सोबत माझं निवेदन आहे. मराठीत लिहिलंय, इथल्या वकिलासमोर सही केली आहे. तोच कोड आत का बदलतो आणि बाहेर का बदलत नाही, ते कुणीही कुठल्याही वर्डवर करून पाहू शकेल असं पायरीपायरीने लिहिलंय. चूक माझी, हेही लिहिलंय. मनीषाताईंना माझी सगळी पत्रं दे. फेब्रुवारीचंसुद्धा. विशेषतः ते.

काकांना काय सांगू ते मला सुचत नाही.

रंगनाथ


नाशिक,
९ नोव्हेंबर २००३

प्रिय दादा,
सप्रेम जयभीम.

निकाल लागला. तुझं निवेदन कोर्टात वाचलं गेलं, आणि न्यायाधीशांनी कॉम्प्युटर मागवून समोर करून दाखवायला सांगितलं. मनीषाताईंनी एक शिक्षक आणले होते. त्यांनी बाहेरून चालवलं, 'झालं' असं आलं आणि फाईल उघडली तर चार. न्यायाधीश म्हणाले, "पुन्हा करा." पुन्हा तेच. मग त्यांनी आतून चालवायला सांगितलं. फाईल उघडली, अठ्ठेचाळीस.

धोंडीरामकाका निर्दोष सुटले. बाहेर आल्यावर मी समोर गेले. त्यांनी हात जोडले, जसे अनोळखी माणसाला जोडतात तसे, आणि लताकाकूंना घेऊन सायखेड्याच्या गाडीकडे चालू लागले. दोन वर्षांत दाढी पांढरी झालीये. मी हाक मारली नाही.

आता माझ्यावर आणि सनीसाहेबांवर केस आहे, कागद बदलल्याची. माझी तारीख जानेवारीत आहे. मनीषाताई म्हणतात, स्वतः सांगितलं याचा विचार होईल. तुझ्याबद्दल कोर्टाने काही म्हटलं नाही. नाव घेतलं, एवढंच. तू विचारशील म्हणून लिहिते.

लंकाबाईंची सून राखी कोर्टात यायची, दर तारखेला. दोन वर्षं मी तिच्यापासून दूर बसत आले. त्या दिवशी तीच जवळ आली.

"ताई, ते शून्य म्हंजे काय व्हतं?"

मी म्हटलं, "काही बदलू नको, असं."

"आन् त्यानं खरंच कायच बदललं नाय?"

"नाही."

"मंग 'झालं' का म्हनलं?"

"ते 'झालं' आम्हीच लिहून ठेवलं होतं, राखी. काही झालं काय, नाही झालं काय, शेवटी ते यायचंच."

मला वाटलं आता बोलेल मला, मनात असेल ते सगळं. बोलावं असंही वाटलं. तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, सोमवारपासून ती गिरणारे रोडच्या एका कंपनीत फुलं तोडायला जाणार आहे. पॉलिहाऊसच आहे. दुसरं काम कुठे मिळतं?

"तिथंबी दारावर कागद आसतो. मला आकडे वाचाया शिकवा. बाकी नगं काय. कागद माझा मी वाचीन."

आज रविवार. ती सकाळी आली होती, पाटी घेऊन. दोन तास बसली.

वीसपर्यंत झालं.

तुझी
साधना